पहिल्या तारखेला अकरा वाजता

किसन शेटे हा माणूस भेटला नसता तर माझी रक्तदाबाची गोळी दोन वर्षं उशिरा सुरू झाली असती, असं मी घरात नेहमी म्हणायचे. माझी सून मेघना ते ऐकून हसायची. तिला हसायला काय जातंय? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी अकराला, बाकांवर नववा महिना लागलेल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या असताना अख्ख्या हॉस्पिटलचा मेन स्विच खाली पाडणारा हा माणूस तिच्या वाट्याला नव्हता, माझ्या होता. ती आत पेशंट तपासायची आणि बाहेर बोलणी मी खायचे.

नारायणगावात आमचं बारा खाटांचं प्रसूतिगृह आहे. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण ते आता लग्नपत्रिकेपुरतं. सासऱ्यांच्या आजोबांपासून सगळ्यांची हाडं इथंच झिजली, धान्याच्या आणि कापडाच्या धंद्यात. मेघना डॉक्टर सून म्हणून घरात आली आणि जुन्या गोदामाच्या जागेवर हॉस्पिटल उभं राहिलं. ती आत आणि मी बाहेर अशी वाटणी आपोआप झाली. धोबी, पाणी, ऑक्सिजन, नातेवाइकांची भांडणं आणि लाईट हे सगळं माझ्याकडे आलं. लाईट म्हणजे शेटेभाऊ.

भाऊ पिंपळवंडीचे. तीस वर्षं खांबांवर चढून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले आणि पुढं सुपरवायझरचं लायसन काढलेलं. ठेंगणे, रापलेले, डावा पाय जरा ओढत चालायचे. पायात बारा महिने रबरी तळव्यांचे बूट. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पादत्राणं काढायची पद्धत. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून बघितलं, तर म्हणाले, "आजी, देवघरात काढीन. प्यानलपाशी काढनार न्हाई." दुसरी खोड म्हणजे पॅनलला हात लावताना डावा हात कायम पँटच्या खिशात. आमच्या शोभा सिस्टरला वाटायचं की माणूस मिजासखोर आहे. तिनं एकदा तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. भाऊ म्हणाले, "दोनी हात लावलं की करंट काळजातनं जातो. एक हात खिशात आसला की वाचायचा चान्स ऱ्हातो." तेव्हापासून शोभा सिस्टर मिक्सरसुद्धा एका हातानं लावते.

बोलणं कमी. हसताना तर मी त्यांना पाहिलंच नाही. चहा विचारला की "लाईट आल्यावर" म्हणायचे, आणि लाईट आल्यावर विचारला की "आता कशाला" म्हणायचे.

आमची पहिली भेटच भांडणाची. इमारतीचं काम चाललं होतं आणि जनरेटर कुठला घ्यायचा ते ठरवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, "लाईट गेल्यावर काय काय चालू ऱ्हायला पायजे?"

"सगळं," मी म्हणाले. एवढा मोठा जनरेटर घेणार, मग सगळं नाही तर काय?

"सगळं म्हंजी काय न्हाई," ते म्हणाले आणि खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. "जे बंद पडल्यावर मानूस मरंल, त्येवढ्यावर खूण करा."

मी खुणा करत फिरले. ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा, रक्त ओढून घेणारं सक्शन, बाळाला ऊब देणारा वॉर्मर, ऑक्सिजनचं मशीन, जिन्यातले दिवे. इथपर्यंत ते मान डोलवत होते. मग मी बाहेरच्या टीव्हीवर खूण केली, पाण्याच्या फिल्टरवर केली, आणि माझ्या केबिनच्या पंख्याखाली भिंतीवर चांगली ठळक फुली मारली. माझ्यामागून हा माणूस ओलं फडकं घेऊन पुसत येत होता हे मला वळून बघेपर्यंत कळलं नाही.

"ह्यो पंखा बंद पडला तर तुमी मरताय का, वैनी?"

"उकडतं मला."

"उकडू द्या."

त्या दिवशी मी यजमानांना सांगितलं की दुसरा माणूस बघा. त्यांनी तीन जणांना विचारलं. तिघंही म्हणाले, शेटे असेल तर आम्ही कशाला येऊ?

शुभारंभाला पाच दिवस राहिले होते. रंग झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. भाऊ आले, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाले की ही भिंत फोडा. झालं होतं असं, की कंत्राटदाराच्या माणसांनी रोजच्या लाईटच्या आणि जनरेटरवरच्या तारा एकाच पाइपातून ओढल्या होत्या. मला त्यात काही वावगं दिसेना. तारा आत, भिंत वर, भिंतीवर रंग. बाहेरून कोण बघणार?

"एका पायपात दोनी घातल्या, वैनी. शॉर्ट झालं, आग लागली, तर दोनी संगंच जळतील. मंग तिला इमर्जन्सी कशापायी म्हनायचं?"

मी आवाज चढवला. ते पायरीवर बसून राहिले. वायरिंग पूर्ण झाल्याच्या कागदावर त्यांची सही नसेल तर पुढची परवानगी अडणार होती आणि ते सही करणार नव्हते. दुपारी भिंत फुटली. शुभारंभाच्या दिवशी हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओल्या गिलाव्याचा पट्टा होता, आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आतेसासूबाईंनी चारचौघांत विचारलं, "आत्तापासूनच गळतंय का गं?"

हा हट्ट त्यांनी कुठून आणला, असा प्रश्न मला पडायचा. त्यांच्या पिशवीत खाकी कव्हर घातलेलं नियमांचं एक जाडजूड पुस्तक असायचं. ते इंग्रजीत आणि भाऊ आठवी शिकलेले. मग रविवारी एसटीनं अवसरी खुर्दला जायचं, तिथं इंजिनिअरिंग कॉलेजात ओळखीचे एक प्राध्यापक होते, त्यांच्याकडून पानभर समजून घ्यायचं आणि समासात पेन्सिलीनं मराठीत उतरवायचं. बॅकअपची वीज कशी असावी त्याची ही त्यांची पोथी. ते वर चढले असताना मी एकदा ती उघडून बघितली. एका पानावर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'म्हंजे नुसतं मशीन चालू करून बघने नाही. लोड देऊन बघने.' आणि खाली दोन रेघा. माझ्या सगळ्या तापाचं मूळ त्या दोन रेघांत होतं.

कारण बाकीच्यांकडे जनरेटर तपासायचा म्हणजे बटण दाबायचं, इंजिन धडधडलं की बंद करायचं आणि घरी जायचं. भाऊंना ते मान्य नव्हतं. ते म्हणायचे, "इंजिन सुरू झालं म्हंजी लाईट आली न्हाई." खरी वीज घालवायची, मग इंजिन आपोआप सुरू झालं पाहिजे, मग चेंजओव्हरनं, म्हणजे बोर्डाची वीज सोडून जनरेटरची वीज धरणाऱ्या त्या मोठ्या स्विचनं, आपोआप बाजू बदलली पाहिजे, मग अर्धा तास सगळं त्याच्यावर चाललं पाहिजे. तेही कामाच्या वेळेत. पहाटे करा म्हटलं तर म्हणायचे, पहाटे मशिनं बंद असतात, लोड कुठं असतो? आधी आत जाऊन शोभा सिस्टरला विचारायचे, "टेबलावर कोन हाय का?" कोणी असेल तर ते बाळ बाहेर येईपर्यंत थांबायचे. नसेल तर अकराला मेन खाली. बाहेर एकच गिल्ला व्हायचा, पंखे थांबायचे, पोरं रडायची आणि बायकांबरोबर आलेल्या सासवा माझ्याकडे वळायच्या.

"अवो, बिलं भरत न्हाई का काय तुमी?"

भाऊ तेव्हा पॅनलपाशी घड्याळ धरून उभे. एक शब्द माझ्या बाजूनं बोलतील तर शपथ.

लाल सॉकेटची भांडणं तर रोजची. जनरेटरवरचे सगळे सॉकेट त्यांनी लाल बसवले होते आणि त्यांत ठरलेल्या मशीनखेरीज काहीही लावायला बंदी. एका पर्युषणात सासूबाईंचा उपास होता. आमच्यात उपासाला उकळलेलंच पाणी प्यायचं आणि तेही सूर्यास्ताच्या आत, नंतर थेंब नाही. पाऊण तास राहिला होता. त्या माझ्या केबिनमध्ये बसलेल्या आणि लाईट गेलेली. मी पाण्याची विजेची किटली घेतली आणि प्रसूतीच्या खोलीबाहेरच्या लाल सॉकेटात लावली. दुसऱ्या कामासाठी आलेले भाऊ नेमके जिन्यातून उतरले. त्यांनी पिन उपसली.

"भाऊ, त्यांना उद्या सकाळपर्यंत पाणी मिळायचं नाही. पाप लागेल तुम्हाला."

"घरात ग्यास न्हाई का?"

गॅस होता. मागच्या दारानं घर वीस पावलांवर होतं. गॅस माझ्या डोक्यातच आला नव्हता, पण ते मी कबूल कशाला करीन? मी म्हणाले, एका किटलीनं काय होतंय? ते म्हणाले, "आज किटली, उद्या कूलर. मंग यक दिस समद्यांचं संगं लागतंय आन् मशीन बसतंय." मी पाय आपटत घरी जाऊन पातेल्यात पाणी उकळून आणलं. सासूबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "माणूस धर्माचा आहे." मला वाटलं त्या माझ्याबद्दल बोलतायत.

पण आळीत त्यांचं नाव खऱ्या अर्थानं गाजलं ते माझ्या दिरामुळे. कांतीलालचं कापडाचं दुकान हॉस्पिटलला लागून. त्यानं दिवाळीच्या गर्दीसाठी एक छोटा पेट्रोलचा जनरेटर घेतला. आता वेगळा चेंजओव्हर बसवायचा म्हणजे कटकट. म्हणून त्यानं आपल्याकडे सर्रास करतात तीच युक्ती केली. एक वायर घेतली, तिच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. एक पिन जनरेटरात, दुसरी भिंतीतल्या सॉकेटात. सॉकेटातून वीज उलटी आत शिरते आणि सगळं दुकान लख्ख होतं. लाईट गेली, मेन पाडायचा, मग वायर लावायची. गर्दीत मेन पाडायचं राहिलं तर राहिलं.

त्या दिवशी राहिलं होतं. भाऊ आवाज ऐकून दुकानात शिरले, वायर कुठून कुठं गेली ते डोळ्यांनी धरत गेले, आधी जनरेटर बंद केला आणि मग पक्कड काढून गिऱ्हाइकांसमोर ती वायर मधोमध तोडली. दुकान अंधारात. साड्या बघत बसलेल्या बायका ओरडल्या. कांतीलाल गल्ल्यावरून उडी मारून आला.

"ओ शेटे, डोकं फिरलं का तुमचं? माझ्या दुकानात येऊन माझी वायर तोडता?"

"दुकान तुमचं हाय. वायर खांबावर जाती."

"कुठं जाती खांबावर? भिंतीत लावलीय राव!"

"भिंतीतनं मीटरात, मीटरातनं खांबावर, खांबावरनं डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरात. तिकडं वरती कोनतरी लाईट बंद हाय म्हून उघड्या हातानं तार धरून आसतो." मग त्यांनी डावा पाय पुढं केला. "मी धरली व्हती. डीपी मी माझ्या हातानं पाडला व्हता, कांतीशेट. खाली यका रसवंतीवाल्यानं आसलीच वायर लावली. बेल्ट व्हता म्हून लटकलो, न्हाईतर आज तुमची वायर तोडाया आलो नसतो."

कांतीलालला पटलं नाही. सगळ्यांसमोर झालेला अपमान त्याला जास्त लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं तशीच नवी वायर करून घेतली आणि भाऊ दिसले की ती गादीखाली सारायला लागला. मला ते माहीत होतं. मी बोलले नाही, घरातला वाद कशाला वाढवा म्हणून.

मग व्हायचं ते झालं. एका पहिल्या तारखेला सोनोग्राफीच्या टेबलावर एक बाई होती, गावातल्या एका वजनदार माणसाची पुतणी. पडदा काळा झाला. अर्ध्या तासात आम्हाला फोन आले आणि संध्याकाळपर्यंत गावभर मोबाइलवर फिरलं की ह्या हॉस्पिटलात मुद्दाम लाईट घालवतात. मेघना पहिल्यांदा वैतागली. "मम्मी, हे दर महिन्याला हवंच का?" एवढं म्हणायचीच मी वाट बघत होते.

भाऊंना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की ह्यापुढं नुसतं इंजिन चालवून बघा, मेन पाडायचा नाही. ते दोन्ही हात खिशात घालून उभे होते.

"मंग चाचनी झाली म्हून सही कशी करू?"

"करा की. जनरेटर चालू होतो हे तर खरं ना?"

"वैनी, चेंजओव्हर हालला पायजे. न हालवता ठिवला की यक दिस हालत न्हाई."

"नवीन आहे तो."

"नवीन मानूस बी झोपून ऱ्हायला की त्याचं सांधं धरत्यात."

मी म्हणाले की मला लोकांना उत्तरं द्यावी लागतात. त्यांनी डाव्या हातानं चाचणीची वही टेबलावर ठेवली, पॅनलच्या खोलीची किल्ली तिच्यावर ठेवली आणि डावा पाय ओढत निघून गेले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, हे खरं सांगते. पुढचे आठ महिने मंचरचा एक हसतमुख माणूस यायचा, बटण दाबायचा, इंजिन धडधडायचं, तो चहा प्यायचा आणि सही करायचा. बायका बाकावर निवांत बसायच्या. माझ्या केबिनमधला पंखासुद्धा त्यानं लाल लाईनवर घेऊन दिला.

एप्रिलमधल्या एका दुपारी गारा पडल्या. अर्धा तास पत्रे बडवून निघाले आणि मग लख्ख ऊन पडलं. लाईट शाबूत होती. आणे पठारावरून आलेली एक बाई सकाळपासून अडली होती. मेघनानं गारा थांबायची वाट बघितली आणि मग तिला सिझरला आत घेतलं. बाईची आई थिएटरच्या दाराला टेकून जमिनीवर बसली होती. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली.

इंजिन सुरू झालं. मी केबिनमध्ये निर्धास्त. धडधड ऐकू येत होती आणि पंखा मात्र हळूहळू थांबत होता. आधी मला कळेचना की हे दोन्ही एकदम कसं होतंय.

मग आतून मेघनाचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. "मम्मी! सक्शन बंद आहे! मला रक्तात काही दिसत नाही!" थिएटरला खिडकी नाही. भाऊंनी भांडून बसवलेला एक बॅटरीचा दिवा तेवढा लागला होता. दिवा होता म्हणून तिचे हात दिसत होते. पण पोट भरून येणारं रक्त ओढायला काही नव्हतं आणि बाळासाठी तापवलेला वॉर्मर गार होत होता. दारातली आई मला म्हणाली, "काय झालं वो? माजी पोर..." मी तिला ओलांडून शेजारच्याच पॅनलच्या खोलीकडे पळाले.

मंचरच्या माणसाला फोन लावला, लागला नाही. तेवढ्यात मागच्या दारानं कांतीलाल धावत आला, एका हातात तो पेट्रोलचा जनरेटर, दुसऱ्या हातात दोन्ही टोकांना पिना असलेली ती वायर. "वहिनी, सरका! थिएटरच्या बाहेरच्या सॉकेटात मारतो, सगळं चालू होईल!" आणि खरंच झालं असतं कदाचित. त्यानं दोरी ओढली आणि जनरेटर सुरू झाला. पिन त्याच्या हातात, सॉकेट वीतभर लांब. माझ्या बोटांनी तोवर शेटेभाऊंचा नंबर लावला होता. आठ महिन्यांत मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता. पहिल्या रिंगला उचलला.

"भाऊ, लाईट गेली. इंजिन चालू आहे पण आत लाईट नाही. पेशंट टेबलावर आहे."

"चेंजओव्हर आडाकला. कोन हाय संगं? त्यो कसला आवाज?"

"कांतीलाल. तो ती वायर लावतोय."

"लावू नका! वैनी, चेंजओव्हर बोर्डाच्या बाजूला आडाकलाय. ती वायर थेट खांबावर जाईल. गारा पडल्यात, फांद्या पडल्या आसतील, पोरं खांबावर आसतील. त्येला सांगा, हात मागं घ्या."

आतून मेघना पुन्हा ओरडली. कांतीलाल म्हणाला, "वहिनी, बोलू नका त्या माणसाशी, इथं बाई जाईल!" आत एक बाई होती, ती मला दिसत होती. खांबावर कोणी असेल की नाही, ते मला दिसत नव्हतं. मी कांतीलालचा हात धरला. दिराचा हात मी आयुष्यात धरला नव्हता. "थांबा," मी म्हणाले. का थांबवलं, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

"आता माझं आयका," भाऊ फोनवर म्हणाले. आवाज एकदम शांत. "वरचा मोठा मेन खाली पाडा. पाडला? मोठ्यानं बोला."

"पाडला."

"मेनवरच्या बारक्या खिडकीत हिरवी खूण दिसती का?"

"दिसते."

"प्यानलच्या दारामागं लोखंडी दांडा टांगलाय. चेंजओव्हरच्या भोकात घाला. एका हातानं नगं, ह्याला जोर लागंल, दोनी हातानं. मधी आना. थांबा. आता खाली. जोरात. भिऊ नका, वैनी, बोर्डाकडनं करंट न्हाई. तुमी पाडलाय."

दांडा हलेना. कांतीलालनं वायर टाकली आणि माझ्या हातांवर हात ठेवून जोर लावला. खाडकन आवाज झाला आणि थिएटरच्या दाराखाली उजेडाची पट्टी उमटली. सक्शनची घरघर ऐकू आली. मी तिथंच खाली बसले. बऱ्याच वेळानं बाळ रडलं आणि मग दारातली आई रडायला लागली. मीही रडले.

लाईट का गेली होती ते संध्याकाळी कळलं. मागच्या गल्लीत तारेवर आंब्याची फांदी पडली होती आणि ती काढायला डीपी पाडून दोन लाईनमन वर चढले होते. मी विचारायला गेले नव्हते. कांतीलाल गेला होता. परत आला तो दुकान न उघडता तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले. मी बोलणी खायची तयारी करून बसले होते, पण ते थेट पॅनलकडे गेले. मेन पाडून तीन तास चेंजओव्हर उघडून साफ करत बसले, माझ्या केबिनचा पंखा लाल लाईनवरून काढला आणि मग वही मागितली. आठ महिन्यांच्या हसऱ्या सह्यांखाली त्यांनी लिहायला घेतलं, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा हात थरथरतोय. अक्षरं वाकडी येत होती. 'चाचनी नापास. कारन केली नाही.' मग वही माझ्याकडे सरकवली. "सही करा."

मी केली. आणि मग हात जोडले. "भाऊ, पुन्हा या. दर महिन्याला या. मी एक शब्द बोलणार नाही."

"मी येऊन काय करू?" त्यांनी हात टेबलावर ठेवला. तो टेबलावरही हलत होता. "साल झालं. डाक्टर म्हनतो वाढत जानार. हालत्या हातानं चालू प्यानलला शिवायचं न्हाई, ह्यो बी नियमच हाय. माझा हाय."

म्हणजे मी त्यांना काढलं तेव्हाही हात हलत होता, आणि ते मला कळू न देता दोन्ही हात खिशात घालून माझ्यासमोर उभे राहिले होते. मला त्यांचा राग आला. सांगायला काय झालं होतं ह्या माणसाला?

"मग कोण करणार?" मी विचारलं.

"कोन म्हंजी? काल कुनी केलं?"

पुढच्या पहिल्या तारखेला ते साडेदहालाच आले आणि बायकांच्या बाकावर कडेला बसले, हात गुडघ्यांत दाबून. शोभा सिस्टरला मी विचारलं, टेबलावर कोणी आहे का. नव्हतं. सोनोग्राफीच्या दारावर आधीच पाटी लावली होती. अकराला मी पॅनलपाशी गेले. पायात रबरी चपला घातल्या होत्या. सासूबाई बघत होत्या. वर मेनकडे बघितलं. पाडला आणि पुन्हा नाही आली तर? आत नवजात तीन बाळं होती. मी वळून भाऊंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

मी मेन पाडला.

पंखे थांबले. पोरं रडायला लागली. ओतूरची एक सासू उभी राहिली आणि माझ्यावर ओरडली, "आवो बाई, येळकाळ काय हाय का न्हाई? पोरी घामाघूम झाल्यात, आन् तुमी मुद्दाम बंद करताय?"

"हो, मुद्दाम बंद करतेय!" मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "तुमच्या सुनेसाठीच करतेय! बसा खाली!"

बाहेर इंजिन सुरू झालं. चेंजओव्हर अजून हलला नव्हता. मी त्याच्याकडे बघत होते. मग तो खाडकन पडला आणि लाल लाईनवरचे दिवे एकेक करून लागले. मी आनंदानं बाकाकडे वळले.

बाकावर भाऊ नव्हते. मी दाराकडे धावले. लाईट यायची वाट न बघता ते निघून गेले होते, आणि पाय ओढत रस्ता ओलांडत एसटीच्या थांब्याकडे निघालेसुद्धा होते.